तरणी सुरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सुरीला धार लावणं. इकडे परदेशात, नेपरव्हिलला, मुलाच्या घराच्या मागच्या पायरीवर. ऑक्टोबर महिना होता. ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती. पायाच्या दोन्ही अंगठ्यांत धारेचा दगड धरून मी बसलो होतो आणि शेजारी शेवंता तांब्या घेऊन. तिनं पाणी सोडायचं, मी घासायचं. चव्वेचाळीस वर्षं आमची वाटणी अशीच होती.

एक बाजू झाली. तिनं सुरी माझ्या हातातून घेतली, नखावर टेकवून बघितली आणि म्हणाली, "बस आता. च्या घेऊ. दुसरी बाजू उद्या."

मी म्हणालो, "एका अंगाची धार काय कामाची?"

"उद्या कुठं कचेरीत जायचंय तुमाला?"

मग आम्ही उठलो. मोठं काही बोललो नाही. मोठं बोलायची आम्हाला सवय नव्हती.

माझं शिक्षण चौथी. मुलगा दत्ता म्हणाला, बाबा, आईबद्दल लिहा, बोलता तसं लिहा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात देऊ. शुद्धलेखन सूनबाई बघणार आहे. शिव्या तिनं काढल्या तर माझा इलाज नाही.

आम्ही फिरते लोहार. जामखेड, आष्टी, करमाळा, असे बाजार धरून गाडीत संसार घेऊन फिरायचो. आमच्यात एक रीत आहे, ती इथल्या डॉक्टर-इंजिनिअर लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. तापलेलं लोखंड सांडशीत धरतो तो पुरुष. छोट्या हातोडीनं टिचकी देऊन जागा दाखवतो तोही पुरुष. घण मारते ती बाई. म्हणजे नाव माझं आणि घाम तिचा.

माझा बाप मुलगी बघायला गेला तेव्हा त्यानं शेवंताचं तोंड बघितलं नाही, घण बघितला. दहा घाव मोजले. दहाही एका जागी पडले. सासरा म्हणाला, "पोरगा काय करतो?" बाप म्हणाला, "सांडशी धरतो." एवढ्यावर लग्न ठरलं.

अंगानं ती काटकुळी होती. बघणाऱ्याला वाटायचं ही घण उचलणार कशी. ती पदर खोचायची, लोखंडाकडे रागानं बघायची आणि त्याच्याशी बोलायची. "खा मार. मार खाल्ल्याबिगर तुला कोण इचारणार हाय?" घण मारताना तिचं तोंड कधी बंद नसायचं. गिऱ्हाईक उभं राहून ऐकायचं. कुणाच्या कुऱ्हाडीला नीट पोलाद बसलं की म्हणायची, "आता बायकूवर चिडलास तरी हिच्यावर चिडू नगंस. ही ऐकून घ्यायची न्हाई."

दत्ता शिष्यवृत्तीवर शिकला, पुण्याला गेला, तिथून इकडे आला. दोन हजार तीन साली त्यानं आम्हाला आणलं. घर मोठं, गरम, मऊ. त्या मऊपणानंच शेवंता आजारी पडली. भांडी यंत्र धुणार, कपडे यंत्र वाळवणार. खिडकीशी बसायची आणि दोन्ही हात मांडीत असे ठेवायची की जणू ते दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतलेत. जेवण अर्ध्यावर आलं. एक दिवस तिनं सरळ सांगितलं, "दिवाळीपातूर बघते. मंग मी एकटी माघारी जाते. तुमी ऱ्हावा पोराजवळ."

ती बोलली म्हणजे करणारच. मी दत्ताला काय सांगणार? पोराला सोडून जावं तर ते तुटतं, आणि तिच्याशिवाय राहावं तर मला साधा चहासुद्धा करता येत नव्हता. तिच्या हाताला काम मिळतंय का, एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं या देशात होतं.

मे महिन्यात खिडक्या उघडल्या. रस्त्यापलीकडच्या घरातून आवाज आला. ठक. ठक. ठक.

शेवंता कांदा चिरत होती. चिरता चिरता थांबली. म्हणाली, "कुणाचं तरी लोखंड गार पडलंय. गार लोखंड बडवतंय येडं."

मला आवाज ऐकू आला होता, पण लोखंड गार आहे हे मला नव्हतं कळलं. खरं तेच सांगतो. घाव कुठं पडायचा ते मी सांगायचो, लोखंड किती तापलंय ते कायम ती. ती तशीच निघाली, हातात चिरलेला कांदा, पायात दत्ताच्या सपाता. मी मागून. दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडला.

गॅरेजमध्ये एक साठीचा माणूस. पांढरी दाढी छातीपर्यंत, चामड्याचा एप्रन, आणि ऐरणीवर लांबट पातं. शेवंता आत गेली, पात्याकडे बोट दाखवलं, भट्टीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तो बघतच राहिला.

"टू कोल्ड?" तो म्हणाला.

"हां. कोल्ड," ती म्हणाली. हा शब्द तिला इथल्या थंडीनं शिकवला होता.

त्यानं पातं परत भट्टीत घातलं. ती शेजारी उभी राहून आत बघत राहिली. तो काढायला गेला की म्हणायची, "थांब." परत गेला, परत "थांब." मग रंग पिकल्या संत्र्यासारखा झाला तेव्हा म्हणाली, "हं, आता." त्यानं मारलं आणि लोखंड हललं. त्यानं तिच्याकडे बघितलं. हाच आमचा अर्ने. त्याचे आजोबा नॉर्वेहून आले होते. शेवंताला 'अर्ने' म्हणता आलं नाही, तिनं पहिल्याच दिवशी त्याचा अण्णा केला. पुढं त्याला कुणीतरी सांगितलं की ॲना हे तर बाईचं नाव. तो तोंड पाडून आला. दत्तानं समजावलं की आमच्याकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मग त्यानं ते नाव रंगवून गॅरेजच्या दारावर लावलं.

अण्णाचा धंदा असा, की हजार वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजांच्या कमरेला ज्या सुऱ्या असायच्या, व्हायकिंग सुऱ्या म्हणतात त्यांना, तशा नव्या करून विकायच्या. तलवारी थोड्या लोकांकडे असायच्या, तो सांगायचा, पण सुरी सगळ्यांकडे. बाप्यांकडे, बायकांकडे, पोरांकडे. जेवायला तीच, चामडं कापायला तीच, मासा सोलायला तीच. बायका ती गळ्याखालच्या मोठ्या पिनेला साखळीनं अडकवायच्या, किल्ल्यांच्या शेजारी. हे दत्तानं मराठीत सांगितलं तेव्हा शेवंता म्हणाली, "माझ्या आईच्या कमरेला पानाच्या चंचीशेजारी अशीच हुती. तिला कुणी व्हायकी म्हणलं न्हाई."

अण्णानं तिला आतलं गुपित दाखवलं. बाहेरून दोन्ही बाजूंना मऊ लोखंड आणि मधोमध पोलादाची पट्टी, तापवून एकजीव केलेली. घासत गेलं तरी धारेला सदा पोलादच येतं. शेवंता हसायला लागली. हे आमचं कुऱ्हाडीला पोलाद घालण्याचंच भावंड. तो जोडाच्या वेळी आमच्यासारखीच वाळू टाकतो हे बघितल्यावर तर ती त्याला नात्यातलाच धरायला लागली. त्याचा खांदा दुखायचा, म्हणून तो पोलादाचे मोठे जोड यंत्राच्या हातोड्यानं करायचा आणि त्याची त्याला लाज वाटायची. शेवंतानं कोपऱ्यातला घण उचलून बघितला. हलका निघाला. म्हणाली, "ह्यो लेकराचा हाय. पण चालंल."

त्या दिवसापासून रोज सकाळी ती पलीकडे जायला लागली. मी सांडशीला. दिवाळी आली आणि गेली. माघारी जायचं तिच्या तोंडी परत आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

एकदा तक्रार झाली. कुणीतरी कळवलं की गॅरेजमधून आवाज येतो. गणवेशातला एक तरुण अधिकारी आला. दारात उभा राहून बघतो तर साठीची नऊवारीतली बाई दोन्ही हातांनी घण फिरवतेय, एक दाढीवाला भट्टीशी आणि एक म्हातारा सांडशी धरून. त्यानं काढलेली वही परत खिशात घातली. शेवंता त्याला म्हणाली, "दारात उभा ऱ्हाऊ नगंस, ठिणगी उडंल." त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो दोन पावलं मागं सरला. जाताना अण्णाला एवढंच म्हणाला की दहाच्या आधी सुरू करू नका. आणि एक सुरी घेऊन गेला.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

अण्णाकडे जाड पुस्तकं होती. जमिनीतून निघालेल्या जुन्या सुऱ्यांची चित्रं, मापासकट. मुठी लाकडाच्या नाहीतर शिंगाच्या, त्या कुजून गेलेल्या, नुसती पाती उरलेली. त्या मापानं तो नव्या सुऱ्या करायचा. एका शनिवारी दत्ताही आमच्याबरोबर होता आणि अण्णा एक पातं घासत होता. अरुंद, धारेच्या बाजूनं मधे जरा आत गेलेलं, टोकाला बारीक. त्याचा हा सगळ्यात आवडता घाट. म्हणे जुन्या लोकांची नजरच वेगळी, बघा किती नाजूक रेष.

शेवंता बराच वेळ चित्राकडे आणि पात्याकडे बघत होती. मग दत्ताला म्हणाली, "अण्णाला सांग, ही म्हातारी हाय."

"व्हॉट?" अण्णा म्हणाला.

"आई, म्हातारी म्हणजे? जुनी तर आहेच. थाउजंड इयर्स ओल्ड."

"तसं न्हाई रं. मेली तवाच म्हातारी हुती. धार लावून लावून झिजलीय. ह्यो मधला खड्डा काय घडवलेला न्हाई, ह्यो दगडाचा हाय. अण्णा म्हातारी बघून म्हातारी घडवतोय." तिनं खडू घेतला. पातं बाकावर ठेवलं आणि त्याच्या धारेबाहेर हळूच एक रेघ ओढली, पोट भरलेली, टोकाकडे वळणारी. "ही अशी हुती. तरणी. तरणी घडव म्हणावं. म्हातारी ती आपली आपण हुईल."

दत्तानं इंग्रजीत सांगितलं. मधेच त्यालाही हसू येत होतं. अण्णा हसला नाही. शेवंता घरी पळत गेली आणि सूटकेसमधून आपली जुनी विळी घेऊन आली. तिचं पातं झिजून नव्या चंद्रासारखं झालेलं. तिनं ती पुस्तकावर ठेवली. चित्रातली सुरी आणि विळी, दोघींचा तोच खड्डा.

अण्णा खाली बसला. पुस्तकाची पानं उलटायला लागला. एकेका सुरीवर बोट ठेवून शेवंताकडे बघायचा. ती म्हणायची, "म्हातारी." पुढची. "म्हातारी." पुढची. "ही मधल्या वयाची." पुढची. "ही तरणीच मेली, बिचारी." अण्णाची वीस वर्षं त्यात गेली होती. त्याच्यासारखे कितीतरी लोक जगात तीच झिजलेली रेष घोटत बसले असतील. मला वाटलं आता माणूस चिडणार. तो एकदम हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला, दाढी पुसली, भिंतीवर टांगलेले पत्र्याचे सगळे नमुने काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग शेवंताला वाकून नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, पण त्याच्या रीतीनं. म्हणजे डावा पाय पुढं करून, नाटकातल्यासारखा.

"अण्णा, पाठ दुखंल," ती म्हणाली.

तेव्हापासून अण्णाच्या सुऱ्या रुंद झाल्या. आणि शेवंतानं दुसरी खोड काढली. त्याच्याकडे काही सुऱ्या दिखाऊ असायच्या, मुठीवर साप, पात्यावर चमक, जाड, जड. गिऱ्हाइकाला त्या आवडायच्या. शेवंता त्या हातात घ्यायची आणि म्हणायची, "हिनं कांदा चिरून दाखव." चिरता यायचा नाही. जाड पात्यानं कांदा फुटतो, चिरला जात नाही. अण्णा रुसून बसायचा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तो आम्हाला विस्कॉन्सिनात जत्रेला घेऊन गेला. तिथं हजार वर्षांपूर्वीचे कपडे घालून लोक तंबू ठोकतात, भाकऱ्या भाजतात, लोकर विणतात. सगळे नोकरीवाले, दोन दिवसांचे व्हायकिंग. शेवंता आपल्या नऊवारीत, कमरेला चंची. एक बाई आली, तिला न्याहाळलं, लुगड्याच्या काठाला हात लावला आणि विचारलं की तुम्ही कुठल्या शतकातल्या.

दत्तानं मराठी केलं. शेवंता म्हणाली, "जामखेडची."

अण्णानं तिचं ऐकून दुकानापुढं टोपलीभर कांदे ठेवले होते. सुरी घ्यायची तर आधी कांदा चिरून बघा. दुपारपर्यंत तिथं गर्दी. कातडी घातलेले, हातावर गोंदलेले, दाराएवढे गडी ओळीनं उभे राहून कांदे चिरत होते आणि ढसाढसा रडत डोळे पुसत होते. शेवंता मधे बसून राज्य करत होती. कुणी जाडा काप केला की ती सुरी काढून घ्यायची आणि त्याला बारकी द्यायची. एकाला तिनं कांदाच परत चिरायला लावला. दुपारी आम्ही लोकांपुढं जोड मारला. मी टिचकी दिली, तिनं घण घातला. दहा घाव मी मोजले. एका जागी पडले.

मी आयुष्यात तिचं तोंडावर कौतुक एकदाच केलं, ते त्या दिवशी. म्हणालो, "गुड जॉब." अण्णा रोज म्हणायचा, तेच.

ती म्हणाली, "मराठीत म्हणाया तोंड दुखतं व्हय?"

दुखत होतं. आता दुखत नाही, पण आता काय.

पुढच्या वर्षी तिला दम लागायला लागला. दत्ताच्या ओळखीचे एक मराठी डॉक्टर, सत्तर सालीच इकडे आलेले, त्यांनी तपासलं. म्हणाले, "काकू, हार्ट कमजोर आहे. घण उचलणं टोटली बंद."

"मी कुठं उचलते? वर त्यो आपसूक जातो. मी नुसता खाली आणते."

"खाली आणणंही बंद."

मला परत ते मांडीतले हात आठवले. त्या आठवड्यात मी आणि अण्णा दोघांनी मिळून तिच्यासाठी एक सुरी घडवली. घण मी मारला. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं ती काय करत होती. दोन दिवस हात वर होत नव्हता. घाव तीन ठिकाणी पडले. ती खुर्चीवर बसून सांगत होती, "डावीकडं. अवो, तुमचं डावं. त्यो अण्णाचा अंगठा हाय." पण तापाचा रंग तिनं सांगितला आणि पाण्यात बुडवायची घडीही तिनंच सांगितली. अण्णानं शिंगाची मूठ बसवली. वीतभर पातं, रुंद, पोट भरलेलं. तरणी.

शेवंतानं ती एका पुठ्ठ्यावर ठेवली आणि पेन्सिलीनं तिच्या भोवती रेघ ओढली. पुठ्ठा स्वयंपाकघरात कपाटाच्या आत चिकटवला. म्हणाली, "दर दिवाळीला हिच्यावर ठिवून बघायचं. किती म्हातारी झाली त्ये."

घण सुटला, पण ती रिकामी झाली नाही. सकाळी अण्णाच्या भट्टीशी खुर्ची टाकून रंग सांगायची. दुपारी सुरीनं काम. मेथी, कोथिंबीर, कांदे. दत्ताच्या घरात कापायची तीन यंत्रं आहेत, त्यांच्यावर धूळ बसली. सूनबाई म्हणायची, "आई, तुम्ही कटिंग करता तेव्हा आवाजच येत नाही." शेवंताला ते बक्षीस वाटायचं. आठवड्याला एकदा मागच्या पायरीवर आम्ही धार लावायचो. ती पाणी, मी दगड. जास्त घासलं की ओरडायची, "हळू. तिला एवढ्यात म्हातारी करू नगा."

पहिल्या दिवाळीला पुठ्ठ्यावर ठेवून बघितली तर रेघ आणि धार यांत केसभर जागा सुटली होती. शेवंतानं त्या जागेवर नख फिरवलं. अण्णाला बोलावून दाखवलं. तो डोळ्याला भिंग लावून बघत बसला. इतकी खुश ती दत्ताच्या पदवीलाही नव्हती.

मग पुढच्या वर्षीचा तो ऑक्टोबर. धारेची एक बाजू झाली, आम्ही चहा घेतला. सुरी तिनं ओट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवली. मेथीची जुडी घेऊन ती खिडकीशी बसली. मी बाहेर पानं गोळा करायला गेलो. अर्ध्या तासानं आलो तर मेथी सगळी निवडून झाली होती, पानं परातीत, देठं कागदावर, आणि तिची मान खुर्चीच्या पाठीला टेकलेली. झोपली असं वाटलं. मी हाक मारली. नंतर गाडी आली, माणसं आली, दत्ता ऑफिसातून आला. त्यातलं मला फार सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मंडळातली लोकं, डबे, फोन. कुणीतरी मला चहा दिला, तो गार झाला. मी उठून ओट्यावरचं फडकं उघडलं. सुरी होती तशीच. सूनबाई म्हणाली, "बाबा, काही हवंय का? मी करते." मी नको म्हणालो.

मागच्या पायरीवर गेलो, दगड अंगठ्यांत धरला. पाणी घालायला कुणी नव्हतं. तेवढ्यात घराला वळसा घालून अण्णा आला. तांब्या उचलला, जिथं ती बसायची तिथं बसला आणि पाणी सोडायला लागला. भसकन सोडलं, माझ्या पायावर गेलं.

"थांब," मी म्हणालो. "थेंब थेंब."

तो थेंब थेंब घालू लागला. मी दुसरी बाजू लावली. हळू लावली. नखावर टेकवून बघितली, धार बसली होती. मग आत गेलो आणि तिनं निवडून ठेवलेली मेथी चिरली.